आमच्याच माहितीवरचा पहारा आम्हाला विकू नका

प्रति,
माननीय गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक,
तसेच ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्यांचे प्रमुख अधिकारी

विषय : पॅनवर परस्पर काढली जाणारी कर्जे आणि त्यांच्या भीतीवर विकली जाणारी सदस्यत्वे

महोदय, महोदया,

लोकांची आयकर विवरणपत्रे भरून देणे हे माझे काम. अलीकडे काम संपले की लोक मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "ताई, हे पैसे भरू का?" पडद्यावर एखाद्या पतमाहिती कंपनीचा, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा, किंवा कर्जाच्या ॲपचा संदेश असतो. तुमची ओळख चोरीला जाऊ शकते, तुमच्या खात्यांवर रोज नजर हवी, वर्षाचे सदस्यत्व घ्या, अशा अर्थाचा. विचारणाऱ्यांत शिक्षक असतात, रिक्षा चालवणारे असतात, पहिली नोकरी लागलेली मुले-मुली असतात. त्यांना मी जे उत्तर देते ते इथे लिहिते आहे. पण हा प्रश्न त्यांना पडावाच का, याचे उत्तर तुम्हाला द्यायचे आहे.

या विषयात मी शिरले ती धाकट्या भावामुळे. तो कारखान्यात फिटर आहे. जोडधंद्यासाठी जुना टेम्पो घ्यायचे त्याने ठरवले आणि बँकेत अर्ज केला. 'तुमचं सिबिल खराब आहे,' एवढे सांगून बँकेने फाइल परत केली. त्याने तोवर एकच कर्ज घेतले होते, दुचाकीचे, आणि ते वेळेत फेडले होते. त्याचा पतअहवाल, म्हणजे पतमाहिती कंपनीकडची त्याच्या कर्जांची नोंद, काढला तर त्यात एका वित्तसंस्थेचे काही हजारांचे वैयक्तिक कर्ज निघाले. त्या संस्थेचे नावही आम्ही कधी ऐकलेले नव्हते. एकही हप्ता भरलेला नाही. सोबत परराज्यातला पत्ता आणि कुणा अनोळखी माणसाचा मोबाइल नंबर. नाव, जन्मतारीख आणि पॅन मात्र भावाचे.

आम्ही तक्रारी केल्या. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर केली, वित्तसंस्थेकडे केली, पतमाहिती कंपनीकडे केली. कंपनीचे उत्तर एका ओळीचे आले : संबंधित वित्तसंस्थेने नोंद बरोबर असल्याचे कळवले आहे. कशावरून बरोबर, केवायसीला कुणाचा फोटो लावला, पैसे कुणाच्या खात्यात गेले, याबद्दल एक अक्षर नाही. हे सगळे चालू असताना तो टेम्पो दुसऱ्या कुणी घेतला. आणि मग ज्या कंपनीने ही खोटी नोंद आपल्या दप्तरात ठेवली होती, तिच्याकडूनच भावाला ईमेल आला की ओळखीचा गैरवापर टाळण्यासाठी आमचे सशुल्क सदस्यत्व घ्या. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीपुरती नाही. पण तो ईमेल वाचल्यावर गप्प राहणे मला शक्य झाले नाही.

तलाठ्याने कुणा भलत्याच माणसाच्या कर्जाचा बोजा आपल्या सातबाऱ्यावर चढवला आणि वर म्हणाला की दर महिन्याला इतके पैसे भरा, म्हणजे असा बोजा चढला की तुम्हाला कळवीन, तर गाव ऐकून घेईल का? नोंद ठेवणाऱ्याचे पहिले काम नोंद खरी ठेवणे हे आहे. ती खोटी झाली तर मालकाला कळवणे हेही त्याचेच काम आहे, आणि या दोन्हींचे वेगळे पैसे मागता येत नाहीत.

आता लोकांच्या प्रश्नाचे उत्तर. बहुतेकांनी हे पैसे भरू नयेत, असे मी सांगते.

सदस्यत्वात मिळते काय? वारंवार ताजा होणारा अहवाल, गुणांक (कर्जफेडीवरून ठरणारा आकडा, ज्याला लोक 'सिबिल' म्हणतात), कुणी तुमचा अहवाल मागवला किंवा तुमच्या नावावर नवे खाते उघडले तर सूचना, आणि काही योजनांमध्ये डार्क वेबवर, म्हणजे चोरीची माहिती विकली जाते त्या इंटरनेटच्या छुप्या भागावर, नजर. यातला मोठा भाग नागरिकाला मुळातच फुकट मिळायला हवा, आणि तसे आदेशही आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१६च्या परिपत्रकानुसार प्रत्येक पतमाहिती कंपनीने दर कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण अहवाल गुणांकासह विनामूल्य द्यायचा आहे. कंपन्या चार आहेत, म्हणजे वर्षाला चार अहवाल. जानेवारीत एकीकडून, एप्रिलमध्ये दुसरीकडून, मग जुलै, मग ऑक्टोबर, असे मागवले तर दर तीन महिन्यांनी आपली पाटी तपासून होते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. ही भीती इतक्या लोकांच्या मनात आहे की मला ते रोज सांगावे लागते. आणखी अहवाल हवाच असेल तर व्यक्तीकडून त्याचे जास्तीत जास्त १०० रुपये घेता येतात.

सूचनांचेही तेच. २६ ऑक्टोबर २०२३च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने कंपन्यांना बजावले की एखाद्या बँकेने किंवा वित्तसंस्थेने ग्राहकाचा अहवाल पाहिला की ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवा. कर्ज थकल्याची माहिती पुढे पाठवताना कर्ज देणाऱ्यानेही ग्राहकाला कळवायचे आहे. म्हणजे सदस्यत्वाच्या जाहिरातीत जी गोष्ट सगळ्यात मोठ्या अक्षरांत असते, ती देणे कंपन्यांवर आधीच बंधनकारक आहे.

शिवाय पतअहवालात ओळखचोरीचे सगळे प्रकार दिसतच नाहीत, हे विकताना कुणी सांगत नाही. तुमच्या कागदपत्रांवर कुणी बचत खाते उघडले आणि त्यातून फसवणुकीचे पैसे फिरवले, तर त्या खात्याची नोंद पतअहवालात येत नाही. तुमच्या आधारवर कुणी सिमकार्ड घेतले, तेही येत नाही. तुमच्या पॅनवर कुणी बोगस जीएसटी नोंदणी करून बनावट बिले फाडली, तर तुम्हाला थेट कर खात्याची नोटीस येते, पतअहवाल कोराच असतो. या व्यवसायात मला सगळ्यात जास्त काळजी या शेवटच्या प्रकाराची वाटते. या गोष्टी तपासायच्या सोयी सरकारी आहेत आणि फुकट आहेत. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहता येते. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून त्यावरच्या नोंदण्या पाहता येतात. आधारच्या बायोमेट्रिकला कुलूप लावता येते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे करायला लावते.

जे पतअहवालात दिसते, तेही घडून गेल्यावर दिसते. कर्ज देणाऱ्या संस्था १ जानेवारी २०२५पासून पंधरा दिवसांनी माहिती पाठवू लागल्या, त्याआधी ती महिन्याने जात असे. ॲपवरचे कर्ज मात्र काही मिनिटांत खात्यात जमा होते. रोज नजर ठेवली तरी नजरेला पडायला आधी नोंद यावी लागते, आणि नोंद येईपर्यंत पैसे गेलेले असतात. डार्क वेबवरच्या पहाऱ्याबद्दल तर मला फार वाईट वाटते. पॅन आणि आधार क्रमांक पासवर्डसारखे बदलता येत नाहीत. ते फुटले हे कळून सामान्य माणूस करणार काय? पुन्हा तोच प्रश्न उरतो की त्या क्रमांकावर कर्ज देणाऱ्याला अडवायचे कसे.

एक अपवाद मी मानते. ज्याच्या नावावर एकदा परस्पर कर्ज निघाले आहे, किंवा ज्याचे गृहकर्ज तोंडावर आले आहे आणि ज्याला दुरुस्ती झाली की नाही ते वारंवार पाहायचे आहे, त्याने दोन-तीन महिन्यांपुरते पैसे भरले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. ती सोय आहे. पण तिला संरक्षण म्हणणे लोकांची दिशाभूल आहे.

या बाबतीत कंपन्यांच्या परदेशातल्या इतिहासाचीही आठवण करून देते. अमेरिकेच्या ग्राहक वित्तसंरक्षण विभागाने जानेवारी २०१७मध्ये ट्रान्सयुनियन आणि इक्विफॅक्सला मिळून २.३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला लावली. गुणांकाच्या उपयोगाबद्दल ग्राहकांची दिशाभूल केली आणि स्वस्तातल्या किंवा फुकट चाचणीच्या नावाखाली त्यांना दरमहा पैसे कापणाऱ्या सदस्यत्वात अडकवले, असा ठपका होता. त्याच वर्षी इक्विफॅक्समधून सुमारे १४.७ कोटी अमेरिकनांची माहिती चोरीला गेली. जे आमच्या ओळखीवर पहारा विकतात, त्यांच्याच कोठारातून चोरी झाली. त्यानंतर तिथल्या संसदेने कायदा केला आणि २१ सप्टेंबर २०१८पासून कोणालाही आपल्या पतअहवालाला फुकट कुलूप लावता येते. ऑनलाइन किंवा फोनवरून सांगितले की एका कामकाजाच्या दिवसात कुलूप लागते, आणि स्वतःला कर्ज हवे असेल तेव्हा तासाभरात उघडते. कुलूप लागलेले असताना नवे कर्ज देऊ पाहणाऱ्याला अहवालच मिळत नाही. चोराची वाट खऱ्या अर्थाने अडते ती इथे. आमच्या २००५च्या पतमाहिती कंपनी कायद्यात नागरिकाला हा हक्क नाही. कुलूप नाही म्हणून पहारा विकला जातो, आणि माझे मुख्य गाऱ्हाणे हेच आहे.

बाकीची गाऱ्हाणी अशी.

फुकट सूचना कुणाला जाते? अहवालात जो मोबाइल नंबर असेल त्याला. खोट्या कर्जासोबत चोराचा नंबरही अहवालात चढतो, भावाच्या अहवालात चढलाच होता. मग पुढच्या कर्जाची सूचना कुणाच्या मोबाइलवर जाणार? भावाला एकही एसएमएस आला नाही. नियम कागदावर पाळला जाऊनही ज्याच्यासाठी तो केला तो माणूस अंधारात राहू शकतो. नंबर खरा आहे की नाही हे भावाच्या बाबतीत कुणी तपासलेले दिसत नाही.

फुकट अहवालाचा दुवा संकेतस्थळावर ठळकपणे दाखवा, असेही २०२३च्या परिपत्रकात आहे. प्रत्यक्षात माझ्याकडे येणारे बरेच जण 'फुकट सिबिल' शोधता शोधता सदस्यत्वाच्या पानावर किंवा कर्ज विकणाऱ्या ॲपमध्ये पोहोचलेले असतात. अशा ॲपला संमती दिली की पुढे दिवसभर कर्जाचे फोन सुरू होतात. गुणांक फुकट मिळाला, पण त्याच्या बदल्यात माहिती आणखी चार हातांत गेली. ओळख सांभाळायला निघालेला माणूस ती आणखी वाटून परत येतो.

तक्रारीच्या निवाड्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे. कर्जाची नोंद खोटी आहे असे नागरिक म्हणतो, तेव्हा पतमाहिती कंपनी ते कर्ज देणाऱ्या संस्थेलाच विचारते. ज्या संस्थेने माणूस न तपासता पैसे दिले, तिचाच शब्द अखेरचा ठरतो. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर रोजचे १०० रुपये भरपाई देण्याची चौकट २०२४च्या एप्रिलपासून लागू झाली. त्यात कर्ज देणाऱ्याला एकवीस दिवस आणि पतमाहिती कंपनीला उरलेले दिवस वाटून दिले आहेत. चौकट चांगली आहे, तिचे स्वागतच आहे. पण ती फक्त उशिरासाठी आहे. तीस दिवसांच्या आत 'नोंद बरोबर आहे' असे चुकीचे उत्तर पाठवले की घड्याळ थांबते आणि कुणालाही काही द्यावे लागत नाही. नाकारताना कारण सांगितलेच पाहिजे, हा नियम आहे. एका ओळीचे उत्तर म्हणजे कारण नव्हे.

याउलट, बँक खात्यातून परस्पर पैसे गेले तर काय होते ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, दोष ग्राहकाचाही नसेल आणि बँकेचाही नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर जबाबदारी शून्य. चौकशी होत राहते, पण रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती जमा करावी लागते. ग्राहक दोषी असेल तर ते बँकेने सिद्ध करायचे. खात्यातले दोन हजार गेले तर हे संरक्षण आहे. त्याच माणसाच्या नावावर दोन हजारांचे खोटे कर्ज निघाले तर नाही. उलट तो वसुलीच्या फोनला उत्तरे देत बसतो, त्याचे खरे कर्ज अडते, आणि बँकांच्या नोकरभरतीतही पतइतिहास पाहिला जात असल्याने कधी नोकरीही अडू शकते.

रक्कम छोटी असते म्हणून हे प्रकरण छोटे मानू नका. फेब्रुवारी २०२२मध्ये अभिनेत्री सनी लिओनी यांनी जाहीरपणे सांगितले की त्यांच्या पॅनवर कुणीतरी २००० रुपयांचे कर्ज काढले. दोन महिन्यांत अभिनेते राजकुमार राव यांनी २५०० रुपयांच्या कर्जाची तीच तक्रार मांडली आणि आपला गुणांक बिघडल्याचे लिहिले. सनी लिओनी यांची नोंद लगेच दुरुस्त झाली आणि त्यांनी तसे आभारही मानले. चांगलेच झाले. पण जी यंत्रणा त्यांच्यासाठी इतक्या चपळाईने हलू शकते ती फिटरसाठीही हलू शकते, एवढाच त्याचा अर्थ मी घेते.

आणि चार कंपन्या म्हणजे चार दरवाजे. एकीकडे दुरुस्ती झाली तरी बाकीच्या तिघींकडे नोंद तशीच असू शकते, आणि कोणती बँक कोणाचा अहवाल पाहील हे अर्जदाराच्या हातात नाही. प्रत्येक ठिकाणी नवे खाते, नवा ओटीपी, नवा अर्ज. भावाला आलेला सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत होता. मी नसते तर त्याने तो कुणाकडे नेला असता?

माझ्या मागण्या.

१. प्रत्येक नागरिकाला आपल्या पतअहवालाला फुकट कुलूप लावण्याचा आणि उघडण्याचा हक्क द्या. एका ठिकाणी लावले की चारही कंपन्यांत लागले पाहिजे. आधारच्या बायोमेट्रिकला कुलूप लावता येत असेल तर पॅनवरच्या कर्जालाही लावता येईल. यासाठी कायदा बदलायचा असेल तर रिझर्व्ह बँकेने सरकारकडे तशी लेखी शिफारस करावी.

२. सूचना ग्राहकाने स्वतः पडताळून दिलेल्या नंबरवरच जावी. नवा नंबर किंवा पत्ता अहवालात चढण्याआधी जुन्या नंबरवर विचारणा व्हावी.

३. पोलिसांत किंवा सायबर पोर्टलवर तक्रार केल्याची पावती दिली की वादातली नोंद चार कामकाजाच्या दिवसांत अहवालातून झाकावी. अमेरिकेत ओळखचोरीचा अहवाल दिल्यावर एवढीच मुदत आहे. त्यानंतर कर्ज खरे आहे हे कर्ज देणाऱ्याने सिद्ध करावे : केवायसीचा फोटो, कराराची प्रत, आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्याचा धारक. डिजिटल कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात जमा झाली पाहिजे, हा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२मध्येच घातला आहे. तेव्हा खाते कुणाचे हे संस्थेला सांगता येत नसेल, तर ती नोंद त्याच दिवशी पुसली जावी.

४. चुकीने नाकारलेल्या तक्रारीलाही भरपाई लागू करा. ती तक्रार पहिल्यांदा केली त्या तारखेपासून मोजा आणि न मागता खात्यात भरा.

५. जे देणे बंधनकारक आहे ते सशुल्क योजनेचे वैशिष्ट्य म्हणून विकू नका. सदस्यत्वाच्या प्रत्येक जाहिरातीत आणि ईमेलमध्ये फुकट अहवालाचा दुवा तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्या. ज्याची फसवणुकीची तक्रार प्रलंबित आहे, त्याला सदस्यत्व विकणारा एकही संदेश पाठवू नका. त्याचे प्रकरण मिटेपर्यंत त्याला रोजचा अहवाल फुकट द्या.

६. अहवाल, तक्रारीचा अर्ज आणि त्याचे उत्तर मराठीत मिळाले पाहिजे.

पतमाहिती कंपन्या सप्टेंबर २०२२पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेखाली आहेत. भावाची तक्रार आम्ही तिकडे नेली आहे आणि ती तिच्या मार्गाने जाईल. हे पत्र वाचणाऱ्या ज्या कुणाच्या अहवालात असे अनोळखी कर्ज आहे, त्यांनी कर्ज देणारी संस्था आणि पतमाहिती कंपनी या दोघांकडे लेखी तक्रार करावी, सायबर गुन्ह्याची नोंद १९३० या क्रमांकावर किंवा पोर्टलवर करावी, आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर लोकपालाकडे जावे. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत.

रिझर्व्ह बँकेकडून मला कुलपाच्या मागणीवर होय किंवा नाही असे स्पष्ट, जाहीर उत्तर हवे आहे, आणि नाही असेल तर त्याचे कारण. चारही कंपन्यांनी पाचव्या मागणीचे उत्तर द्यावे. तिच्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. ती उद्या सकाळपासून अमलात आणता येते.

आपली,
विवरणपत्रे भरून देणारी एक नागरिक